हलकं, कडक आणि महाग: माउंटन बाइकवरच्या कार्बनचा हिशेब



माउंटन बाइक घेऊन वर्ष-दीड वर्ष झालं की एक प्रश्न हमखास येतो. पाय तयार झालेले असतात, वाटा ओळखीच्या झालेल्या असतात, आणि मग रात्री जेवण झाल्यावर हात आपोआप मोबाइलकडे जातो. हँडलबार कार्बनचा टाकू का? रिम बदलू का? क्रँक? प्रत्येक वस्तूपुढे दोन आकडे दिसतात, ग्रॅम आणि रुपये. पहिला लहान होत जातो तसा दुसरा मोठा होत जातो, आणि आपलं मन या दोन आकड्यांमध्ये हेलकावे खात बसतं.

आज या प्रश्नाकडे जरा समीक्षेच्या नजरेनं बघू. कार्बन चांगला की वाईट हा वाद आम्ही बाजूला ठेवतोय, त्यातून काही निघत नाही. आम्ही बघणार आहोत ते त्याबद्दलचे दावे. हलकं, कडक, मजबूत, विमानाच्या दर्जाचं. हे शब्द डोंगरातल्या वाटेवर किती टिकतात, आणि कोणासाठी टिकतात?

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे मग भांडायला सोपं जाईल. (हशा) केवळ वजन कमी करायचं म्हणून घेतलेला कार्बन माउंटन बाइकवर बहुतेकांना परवडत नाही. पैशानंही नाही आणि उपयोगानंही नाही. एखाद-दुसऱ्या भागात तो खरोखर काम करतो, पण तिथं त्याचं काम वजनापेक्षा वेगळं असतं. आणि तो घरी आणला की त्याच्यासोबत एक जबाबदारीही येते, जी खोक्यावर छापलेली नसते. शेवटच्या मुद्द्यात हाडं मोडण्याचा प्रश्न आहे, म्हणून त्यावर जास्त वेळ घालवू.

आधी वस्तू काय आहे ते बघू. कार्बन फायबर म्हणजे कार्बनचे तंतू, साधारण पाच ते सात मायक्रॉन जाडीचे, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा कितीतरी बारीक. एडिसननं १८७९ मध्ये दिव्यासाठी सुती धागा जाळून कार्बनचा तंतू केला आणि पुढे त्यासाठी बांबू वापरला, त्या अर्थानं ही कल्पना जुनीच. पण आज आपण ज्याला कार्बन फायबर म्हणतो त्याची सुरुवात १९५८ मध्ये अमेरिकेत रॉजर बेकन यांच्या कामातून झाली. पुढे जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी आणि इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या संशोधकांनी कृत्रिम धाग्यापासून तो करायची रीत बसवली. तो कृत्रिम धागा म्हणजे आपल्या स्वेटरमधल्या ॲक्रिलिकचा जवळचा नातेवाईक. स्वेटरचा भाऊ भट्टीत जाऊन आला, एवढाच फरक. (हशा)

या तंतूचे आकडे खरोखर दिपवणारे आहेत. नेहमीच्या वापरातल्या तंतूचा ताठरपणा २३० गिगापास्कलच्या आसपास, ॲल्युमिनियमचा ७० च्या आसपास. घनता मात्र कार्बनची १.८ आणि ॲल्युमिनियमची २.७. वजनाला हलका आणि तिप्पट ताठ. जाहिरात इथंच थांबते. पण सायकलवर नुसता तंतू लावता येत नाही. तो इपॉक्सी राळेत बसवावा लागतो, आणि त्याची सगळी ताकद असते ती त्याच्या लांबीच्या दिशेनं. आपल्याकडे ज्यानं बांबू हाताळलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. बांबू उभा चिरायला कोयत्याचा एक घाव पुरतो. आडवा तोडताना तोच बांबू दमवतो. म्हणून कार्बनचा भाग करताना कापडासारखे थर वेगवेगळ्या दिशांनी रचतात. काही लांबीच्या दिशेनं, काही तिरपे, काही आडवे. ही रचना बऱ्याच अंशी हातानं होते. थरात सुरकुती राहिली, हवेचा बुडबुडा राहिला, राळ कमी-जास्त झाली, की आकड्यातली ताकद आकड्यातच राहते.

म्हणून 'टी-७००' किंवा 'टी-८००' असं छापलेलं वाचून कोणी खूश होऊ नये. ते धाग्याचं नाव आहे. उत्तम रेशीम आणलं म्हणजे पैठणी झाली असं येवल्यात कोणी म्हणणार नाही. विणणारा हात लागतो. नाव नसलेला, किंवा नावाची नक्कल केलेला स्वस्त कार्बन बार ऑनलाइन दिसला तर हे आठवा. त्यात धागा खरा असेलही. विणकर कोण होता हे कोणालाच माहीत नसतं.

आता वजनाचा दावा. इथं आपण साधं गणित करू, कागद-पेन असेल तर घ्या. स्वार ७० किलो, सायकल १३ किलो, पाणी, हेल्मेट, पिशवी मिळून २ किलो. एकूण ८५. आता आपण मोठा खर्च केला. कार्बन हँडलबार, कार्बन सीटपोस्ट, कार्बन क्रँक आणि दोन्ही कार्बन रिम. सगळं धरून अर्धा किलो वाचला असं समजू. बहुतेकांच्या बाबतीत हा अंदाज उदारच आहे. समोर ६०० मीटर उंचीचा चढ आहे. सह्याद्रीत तो शोधायला लांब जावं लागत नाही. स्वाराचे पाय सतत २०० वॅट देताहेत. ८५ किलो वजन ६०० मीटर वर न्यायला सुमारे ५,००,००० ज्यूल लागतात, म्हणजे २०० वॅटनं सुमारे ४२ मिनिटं. टायरचं घर्षण धरा, पाऊण तासाच्या पुढे जाईल. आणि तो वाचवलेला अर्धा किलो? त्याचे ३,००० ज्यूल. त्याला २०० नं भागा. पंधरा सेकंद.

पाऊण तासाच्या चढात पंधरा सेकंद. बाटली काढून दोन घोट पाणी पिऊन ती परत जागेवर ठेवायला एवढाच वेळ जातो. आणि त्या बाटलीत अर्धा लिटर पाणी जास्त भरलं तर तुमचे सगळे कार्बन भाग मिळून शून्यावर आले. शर्यतीत पंधरा सेकंदांना किंमत आहे, नाही असं नाही. पण रविवारी सकाळी निघून दुपारी मिसळ खायला थांबणाऱ्या आपल्यासारख्यांना ते पंधरा सेकंद कुठं ठेवायचे हाच प्रश्न पडेल.

इथं कोणीतरी नक्की म्हणतं, 'अहो, पण चाकावरचं वजन वेगळं असतं! फिरतं वजन!' बरोबर, थोडंसं वेगळं असतं. रिमच्या कडेला असलेला एक ग्रॅम वेग वाढवताना जास्तीत जास्त दोन ग्रॅमसारखा वागतो. दोन, चार नाही आणि दहाही नाही. तेही फक्त वेग वाढत असताना. एका लयीत चढताना तो एक ग्रॅम एक ग्रॅमच असतो. फिरत्या वजनाच्या नावाखाली आपल्याकडे जेवढे पैसे फिरलेत तेवढी चाकंही फिरली नसतील.

आता जरा मागे जाऊ, कारण आम्हाला वाटतं की 'हलकं म्हणजे चांगलं' हा विचार माउंटन बाइकमध्ये बाहेरून आला आहे. तो रस्त्यावरच्या शर्यतींचा विचार आहे. माउंटन बाइकचा जन्म कॅलिफोर्नियात, मॅरिन काउंटीत, टॅमलपायस डोंगराच्या परिसरात झाला. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथं पहिली 'रीपॅक' शर्यत झाली. जुन्या, जाडजूड टायरच्या, लोखंडी सायकली घेऊन पोरं उतारावरून सुटायची. मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस तापून जळून जायचं, खाली पोचल्यावर हबमध्ये पुन्हा ग्रीस भरावं लागायचं, म्हणून शर्यतीचं नाव रीपॅक. त्या पोरांना हलकी सायकल नको होती. मोडणार नाही आणि थांबेल अशी सायकल हवी होती.

तिथून पुढचा इतिहास बघा. १९८९ मध्ये रॉकशॉक्सचा आरएस-१ हा सस्पेन्शन फोर्क आला. साध्या फोर्कपेक्षा जड. १९९० मध्ये दुरांगोला झालेल्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्ड तोच फोर्क लावून डाउनहिल जिंकला. मग मागचं सस्पेन्शन आलं, वजन वाढलं. डिस्क ब्रेक आले, वजन वाढलं. टायर रुंद झाले, त्यांच्या भिंती जाड झाल्या, पुन्हा वजन वाढलं. आणि मग ड्रॉपर सीटपोस्ट. हँडलवरचं बटण दाबलं की सीट खाली, उतार संपला की वर. साध्या पोस्टपेक्षा तो पाव किलोहून जास्त जड असू शकतो, तरी ज्यानं एकदा वापरला तो परत मागे जात नाही. माउंटन बाइकच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या सुधारणेनं सायकलचं वजन वाढवलं आहे. हा खेळ उपयोगी वजनाचा आहे.

आणि गंमत म्हणजे ही गोष्ट रस्त्यावरच्या लोकांनाही एकदा पटवून द्यावी लागली. २०२२ च्या मिलान–सान रेमो शर्यतीत मातेय मोहोरिचनं रस्त्यावरच्या सायकलला ड्रॉपर पोस्ट लावला. जिथं ग्रॅम-ग्रॅम मोजतात तिथं हा माणूस वजन वाढवून आला, पोज्जोच्या उतारावर सगळ्यांच्या पुढे सुटला आणि शर्यत जिंकला.

मग आपण वजनाच्याच मागे का लागतो? आमचं मत असं आहे की वजन मोजता येतं म्हणून आपण ते मोजतो. वजनकाटा शंभर-दोनशे रुपयांपासून मिळतो. ओल्या कातळावर टायर किती धरतो, हे खोक्यावर छापता येत नाही. ब्रेक तापल्यावर कसा वागेल, छापता येत नाही. वळणावर तुमची मान कुठं वळली होती, तेही छापता येत नाही. जे छापता येतं ते विकलं जातं, आणि विकत घेणारा समजतो की महत्त्वाचं तेवढंच.

आता भाग एकेक करून बघू, नाहीतर तुम्ही म्हणाल सगळं तत्त्वज्ञान झालं.

पहिला हँडलबार. ॲल्युमिनियमचा चांगला रुंद बार साधारण ३०० ते ३३० ग्रॅमचा, कार्बनचा २०० ते २३०. शंभर ग्रॅम वाचले. बारची किंमत समजा १२,००० रुपये, तर ग्रॅमला १२० रुपये पडले. वजनासाठी हा सौदा वाईट आहे. पण हँडलबार हाच असा भाग आहे जिथं कार्बन खरं काम करू शकतो. थरांची दिशा ठरवून बनवणारा बारला उभ्या दिशेनं थोडं लवचीक आणि पुढेमागे ताठ ठेवू शकतो. धातूत हे इतकं मोकळेपणानं जमत नाही. शिवाय चांगला बनवलेला आणि इजा न झालेला कार्बन वारंवार येणाऱ्या ताणाला थकत नाही, निदान सायकलच्या आयुष्यात तरी नाही. ॲल्युमिनियम थकतो. म्हणून ॲल्युमिनियमचा बारही काही वर्षांनी बदलावा असं बरेच उत्पादक सांगतात, आणि आपण तो कधीच बदलत नाही, ही आपली चूक.

पण इथंही सावध राहा. काही वर्षांपूर्वी स्टेमच्या पकडीचा व्यास ३१.८ मिलिमीटरवरून ३५ वर गेला. सांगितलं काय? तर आणखी ताठ. लोकांनी घेतले. मग हात दुखायला लागले, आणि त्याच ३५ च्या बारची पुढची आवृत्ती आली, 'आता अधिक लवचीक'. म्हणजे आधी ताठपणा विकला, मग त्या ताठपणावरचा उतारा विकला. (हशा) हात दुखत असतील तर बारआधी पुढच्या टायरची हवा बघा. टायर सेंटिमीटरनं दबतो, बार मिलिमीटरनं लवतो. चार पीएसआय हवा काढायला पैसे पडत नाहीत.

दुसरा रिम. दोन्ही मिळून शंभर ते दोनशे ग्रॅम वाचतात. कार्बन रिम आपला आकार धरून राहते, आऊट सहसा येत नाही, हे खरं. धारदार दगडावर आपटली तर ॲल्युमिनियमची रिम चेपते. ती पक्कडीनं सरळ करून घरी येता येतं. कार्बनची रिम एक तर काहीच होत नाही, नाहीतर तडकते. काही कंपन्या आजन्म बदलून द्यायची हमी देतात, आणि ती हमी हीच त्या रिमच्या किमतीतली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. म्हणून घेण्याआधी विचारा, आमच्या गावात ही हमी कोण पाळणार, पाठवण्याचा खर्च कोणाचा आणि चाक येईपर्यंत किती महिने? आणि तुम्ही अजून ट्यूब वापरत असाल तर आधी ट्यूबलेस करा. २९ इंची ट्यूब २०० ते २५० ग्रॅमची, तिच्या जागी सुमारे १०० मिलिलिटर सीलंट. म्हणजे कार्बन रिमइतकं वजन अगदी थोड्या पैशांत वाचलं. वर हवा कमी ठेवता येते, पकड वाढते, आणि बाभळीचे काटे आपोआप बुजतात. आमच्या लेखी हा आजचा सगळ्यात चांगला अपग्रेड, आणि त्यात कार्बनचा एक तंतू नाही.

तिसरा क्रँक. हा सायकलचा सगळ्यात खाली लोंबणारा, दगडांशी रोज गाठ पडणारा भाग. आपल्याकडच्या बेसॉल्टच्या धोंड्यांवर तिथं कार्बन लावून, वर त्याला रबरी टोप्या घालून वाचवलेले शंभर-दीडशे ग्रॅम आम्हाला पटत नाहीत. चौथा सीटपोस्ट. ड्रॉपर नसेल तर कार्बन पोस्टचा विचारही करू नका, आणि ड्रॉपर असेल तर प्रश्नच मिटला.

फ्रेमबद्दल दोन वाक्यं. डाउनहिलच्या विश्वचषकात आमोरी पिएरों २०१८ आणि २०२२ मध्ये एकूण विजेता ठरला, तो कॉमेन्सालच्या ॲल्युमिनियम फ्रेमवर. कार्बन फ्रेमवाले त्याच शर्यतींत होते आणि तेही जिंकत होते. क्रॉसकंट्रीत मात्र अव्वल स्वार जवळजवळ सगळे कार्बनवर दिसतात, कारण तिथं पुन्हापुन्हा चढ, पुन्हापुन्हा जोर आणि सेकंदांचा फरक असतो. खेळ बदलला की हिशेब बदलतो. आणि २०१५ मध्ये लिओगांगला ॲरन ग्विनची साखळी सुरुवातीलाच तुटली, तरी तो पूर्ण उतार साखळीशिवाय उतरला आणि शर्यत जिंकला. साखळीचं वजन वाचल्यामुळे जिंकला असं अजून कोणी जाहिरातीत म्हटलेलं नाही. (हशा)

आता तो महत्त्वाचा मुद्दा. मोडण्याचा.

कार्बन नाजूक असतो ही समजूत चुकीची आहे. सांताक्रूझ कंपनीचा प्रयोगशाळेतला एक प्रसिद्ध व्हिडिओ आहे. त्यात ॲल्युमिनियमची आणि कार्बनची फ्रेम मोडेपर्यंत दाबतात, आणि कार्बनची कितीतरी जास्त भार सोसते. कंपनीनंच केलेली चाचणी आहे हे लक्षात ठेवूनही ते खरं मानायला हरकत नाही. ताकद पुरेशी असते. प्रश्न आहे तो इशाऱ्याचा. ॲल्युमिनियमचा बार पडल्यावर वाकतो, आणि वाकलेला बार डोळ्यांना दिसतो. कार्बनमध्ये आतले थर एकमेकांपासून सुटू शकतात आणि वरून रंग तसाच चकचकीत राहू शकतो. मग पुढच्या आठवड्यात, त्या पडण्याशी काही संबंध नसलेल्या एका साध्या उडीनंतर, तो हातात येतो.

एक गोष्ट आमच्याच हातून घडलेली सांगतो. आमच्यातल्या एकाचा कार्बन बार आम्ही घरी बसवला. टॉर्क रेंच नव्हता. 'थोडा अजून, थोडा अजून' करत स्टेमचे बोल्ट हातानं आवळले. काही महिन्यांनी बारमधून कुरकुर यायला लागली. आम्ही आधी पेडलवर संशय घेतला, मग हेडसेटवर. शेवटी स्टेम उघडला तर पकडीच्या कडेखाली बारवर चंद्रकोरीसारखी रेष उमटलेली, आणि नखानं तपासलं तर ती रंगाच्या खाली गेलेली. तो बार त्याच आठवड्यात आम्ही घाटात नेणार होतो. कोणाला काही झालं नाही. पण दोष बारचा नव्हता, बनवणाऱ्याचा नव्हता, दुकानाचाही नव्हता. आम्ही वस्तू विकत घेतली होती आणि ती वापरायची शिस्त घेतली नव्हती.

'विमानाच्या दर्जाचं' हा शब्द आम्हाला खटकतो तो याचसाठी. बोइंग ७८७ च्या रचनेत वजनानं जवळजवळ निम्मं कंपोझिट आहे, हे खरं. पण विमान सुरक्षित राहतं ते निव्वळ धाग्यामुळे राहत नाही. धक्का लागला तर नोंद होते. ठरलेल्या तासांनी तपासणी होते. अल्ट्रासाउंडनं आतले थर बघतात. सही करणारा माणूस असतो. आपल्या सायकलची नोंदवही कुठाय? जाहिरात विमानाचा धागा विकते; विमानाचं रजिस्टर विकत नाही. आणि सुरक्षितता तर त्या रजिस्टरमध्ये असते.

मग ज्यांच्याकडे कार्बन आहे किंवा जे घेणारच आहेत, त्यांनी निदान एवढं करावं. टॉर्क रेंच आधी, कार्बन नंतर. भागावर जो आकडा छापलाय तोच. स्टेमवर तो बहुधा चार ते सहा न्यूटन-मीटर असतो. कार्बनची खास पेस्ट लावा म्हणजे कमी आवळून पकड येते. तिथं ग्रीस लावू नका. ब्रेक लिव्हरचा पट्टा किंचित सैल ठेवा, पडल्यावर तो फिरला तर बार वाचतो. बार कापायचा असेल तर बारीक दात्यांचं पातं, ओलं करून, तोंडाला मास्क लावून. ती धूळ छातीत जाऊ देऊ नका. मोठ्या पडण्यानंतर स्टेम उघडून बघा, सुती फडकं फिरवा, धागा अडकतो का पाहा, नाण्यानं ठोकत जा आणि आवाज कुठं बद्द होतो ते ऐका. शंका आली तर बार टाकून द्या. फ्रेमची दुरुस्ती जाणकार माणूस करू शकतो. हँडलबारची करू नये. कोकणात राहत असाल तर आणखी एक. खाऱ्या दमट हवेत कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम गंजतं. कार्बन फ्रेममधला ॲल्युमिनियमचा पोस्ट पावसाळ्याआधी आणि नंतर काढून पुसायचा, नाहीतर तो तिथंच कायमचा बसतो.

आणि शेवट कसा होतो तेही बघा. वाकलेला ॲल्युमिनियमचा बार भंगारवाला वजनावर घेतो, तो वितळून पुन्हा कशात तरी जातो. तडकलेला कार्बन बार तो हातात घेऊन परत देतो. ती राळ एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही.

मग घ्यावा कोणी? जो क्रॉसकंट्री शर्यत सेकंदांनी हरतोय, त्यानं. ज्याचे टायर, ब्रेक, सस्पेन्शन, बसण्याची मापं सगळी नीट लागली आहेत आणि तरी हात सुन्न होतात, त्यानं बार जरूर करून बघावा. आणि ज्याला ती वस्तू नुसती आवडते, त्यानंही घ्यावी. हौसेला मोल नसतं. फक्त तिला हौस म्हणा. तिला गरज म्हटलं की शेजारचा कॉलेजातला मुलगा ते ऐकतो आणि घासलेल्या ब्रेक पॅडवर तसाच उतरत राहतो, कारण त्याचे पैसे कार्बन बारसाठी साठवलेले असतात. आम्हाला आज बोलावंसं वाटलं ते त्या मुलासाठी.

त्याच्यासाठी आमचा क्रम असा. आधी चांगलं हेल्मेट आणि नवे ब्रेक पॅड. मग पुढचा टायर, आणि ट्यूबलेस. मग वर्षानुवर्षं न उघडलेल्या फोर्कची सर्व्हिस. मग ड्रॉपर. मग कोणातरी जाणत्याच्या मागे दोन-चार रविवार उतार शिकणं. एवढं झाल्यावर पैसे उरले तर कार्बन. बहुतेकदा उरत नाहीत, आणि तोवर सायकलबद्दल काही तक्रारही उरलेली नसते.



प्रश्नोत्तरं

प्रश्न: सेकंडहँड कार्बन फ्रेम स्वस्तात मिळतेय. घेऊ का?

विकणाऱ्याला ओळखत असाल, ती कशी पडली-आपटली हे तो खरं सांगेल असा भरवसा असेल, आणि ती पूर्ण उघडून एखाद्या जाणत्या मेकॅनिकला दाखवता येत असेल, तर विचार करा. यातलं एकही नसेल तर त्याच पैशात नवी ॲल्युमिनियमची फ्रेम घ्या. सेकंडहँड बार आणि सीटपोस्ट मात्र कार्बनचे घेऊच नका. वाचणारे पैसे थोडे असतात, आणि मोडलं तर तोंडावर पडायचं असतं.

प्रश्न: माझ्या सायकलवर दुकानातूनच कार्बन बार आलाय. काढून टाकू?

अजिबात नको. स्टेम उघडा, तपासा, पेस्ट लावा, छापलेल्या टॉर्कला आवळा आणि निर्धास्त चालवा. आणि एका वहीत तारीख लिहून ठेवा, आज तपासला म्हणून. तेवढं केलंत तर तुमच्या सायकलचं रजिस्टर सुरू झालं.